कचऱ्याची गाडी वेळेवर येते, बस का नाही?

इंदूरच्या एबी रोडवरचा बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध रेलिंग लावून फक्त बससाठी राखलेली मार्गिका, काढण्याची घोषणा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाची परवानगी मिळाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस रेलिंग कापायला सुरुवात झाली. तेव्हापासून इंदूरच्या मराठी घरांत, लग्नकार्यांत, रामबागेतल्या आमच्या मंडळाच्या व्याख्यानानंतरच्या चहावर हा विषय निघाला की दोनच वाक्यं कानावर येतात. एक, ‘बरं झालं, आता रस्ता मोकळा होईल.’ दुसरं, ‘इतके कोटी रुपये पाण्यात गेले.’ पहिली मंडळी गाड्या मोजतात, दुसरी रुपये. त्या रस्त्यानं रोज माणसं किती जातात, कशी जातात आणि त्यांच्या जाण्यायेण्यातून हवेत काय मिसळतं, हे कुणीच मोजत नाही. बारा वर्षं चाललेल्या एका प्रयोगाचा निकाल आपण असा लावतो आहोत, आणि पुढची तीस वर्षं हे शहर कसं फिरणार तेही त्याच निकालावर ठरवून टाकतो आहोत. मला हे फार गंभीर वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. शहरातल्या प्रवासामुळे होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन कमी करायचं असेल, तर त्यासाठी आपल्या हातात असलेलं सगळ्यात स्वस्त आणि लवकर हाती येणारं साधन म्हणजे भरलेली, वारंवार येणारी आणि रस्त्यात न अडणारी बस. खाजगी गाडीतलं इंधन बदलून हे काम अर्धंच होतं. मेट्रो आल्यावर बघू म्हणालो, तर ते एका पिढीनं पुढे जातं. रेलिंग राहिली काय, गेली काय, ती बाब दुय्यम आहे. बस दर किती मिनिटांनी येते आणि तिला वाट मिळते का, हे मुख्य आहे. नेमकं त्यावरच कुणी बोलत नाही.

थोडा हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, डिझेलच्या लिटरमागे २.७ किलोच्या आसपास. शहरात पंचेचाळीस-पन्नासचं ॲव्हरेज देणारी स्कूटर म्हणजे किलोमीटरला ५० ग्रॅम. पंधराचं ॲव्हरेज देणारी कार म्हणजे १५० ग्रॅम, आणि आपल्याकडे सकाळी साडेनऊला पलासियाच्या सिग्नलवर उभ्या असलेल्या बहुतेक गाड्यांत एकच माणूस असतो. लिटरला साडेतीन-चार किलोमीटर जाणारी डिझेल बस किलोमीटरला ७०० ग्रॅम सोडते. आकडा मोठा दिसतो. पण तिच्यात चाळीस माणसं असतील तर माणशी १७-१८ ग्रॅम. म्हणजे स्कूटरच्या जवळपास एक तृतीयांश, एकट्या माणसाच्या कारच्या आठव्या-नवव्या हिश्शाइतकं.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. बसविरोधी मंडळींनी ती मांडायला हवी होती, पण मांडली नाही. त्याच बसमध्ये दहाच प्रवासी असतील तर माणशी ७० ग्रॅम होतात, म्हणजे स्कूटरपेक्षा जास्त. बस इलेक्ट्रिक केली तरी हे गणित लगेच पालटत नाही. मोठी इलेक्ट्रिक बस किलोमीटरला साधारण एक युनिट किंवा त्याहून थोडी अधिक वीज घेते, आणि आपल्या देशात एका युनिटमागे अजूनही ७०० ग्रॅमहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण बहुतांश वीज कोळशाची आहे. इंदुरात धूर दिसत नाही, तो खंडव्याकडच्या सिंगाजी वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो. म्हणून रिकाम्या इलेक्ट्रिक बसेस फिरवून त्यांच्यावर हिरवी पानं रंगवली, तर त्यात पर्यावरणाचं भलं नाही. डिझेल बसनं किमान चौदा-पंधरा प्रवासी नेले तरच ती स्कूटरला हरवते, त्याखाली हरते. हा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. पण यातून निष्कर्ष काय निघतो? बस बंद करा असा, की बस भरा असा? आणि बस भरते कधी?

बीआरटीएसवर त्याचं उत्तर मिळालं होतं. मे २०१३ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा अशी साडेअकरा किलोमीटरची ही मार्गिका सुरू झाली. शेवटच्या वर्षांत तिच्यावरून धावणाऱ्या आयबसमधून रोज पन्नास हजारांहून अधिक लोक प्रवास करत होते. भंवरकुआच्या कोचिंग क्लासची मुलं, एमवाय रुग्णालयात जाणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक, विजयनगरच्या दुकानांत आणि ऑफिसांत कामाला जाणाऱ्या मुली, नवलख्याला उतरून पुढची बस पकडणारी खेड्यांतली माणसं. मंडळाच्या चहावर बोलणाऱ्यांत यांच्यापैकी कुणी नसतं, आणि हा वाद भरकटण्याचं एक कारण मला तेच दिसतं.

‘लेन रिकामी दिसायची’ हा बीआरटीएसवरचा सगळ्यात लोकप्रिय आक्षेप. खरं आहे, दिसायची. शेजारी गाड्यांची रांग हॉर्न वाजवत उभी आणि मध्ये मोकळा डांबरी पट्टा, हे पाहून कुणाचाही संताप व्हावा. पण लेन रिकामी दिसते आणि लेन वाया जाते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर दोन मिनिटांनी साठ माणसांची बस गेली तर तासाला १८०० माणसं जातात, आणि मधल्या पावणेदोन मिनिटांत तो पट्टा रिकामाच दिसणार. सिग्नलवाल्या शहरी रस्त्यावर कारची एक लेन तासाला सहाशे-आठशे गाड्या काढते. गाडीत सरासरी दीड माणूस धरला तरी नऊशे ते बाराशे माणसं होतात. ती लेन मात्र सतत भरलेली दिसते. आपण डोळ्यांना दिसलं त्यावर विश्वास ठेवला, आणि डोळ्यांनी आपल्याला फसवलं.

तरीही मी इथे बीआरटीएसची वकिली करणार नाही, कारण त्या रस्त्यावर चुका झाल्या होत्या. एलआयजीपासून नवलख्यापर्यंतचा भाग अरुंद. तिथे मध्ये बस, बाजूला मिश्र वाहतूक, कडेला दुकानांची पार्किंग, आणि पायी चालणाऱ्यासाठी काहीच नाही. थांबे रस्त्याच्या मधोमध असल्यानं म्हाताऱ्या माणसाला जीव मुठीत धरून तीन लेन ओलांडाव्या लागत. आणि बस दोन मिनिटांनी यायला हवी होती, तिथे गर्दीच्या वेळी तितक्या बसेस नव्हत्या. लेन बांधायला पैसा होता, बसेस घ्यायला आणि चालवायला पुरेसा नव्हता. शेजारच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्याही धूर सोडतच होत्या, हेही खरं. पण या सगळ्या चुका बस वाढवून, फुटपाथ करून, पार्किंग हटवून सुधारता येण्याजोग्या होत्या. पायात काटा गेला तर काटा काढायचा असतो.

‘बस हटली की रस्ता मोकळा’ ही समजूत आजची नाही. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. मे १८७४ मध्ये घोड्यांच्या ट्रामनं सुरू झालेली नव्वद वर्षांची सेवा संपली. रस्त्याच्या मधोमध रुळांवरून हळू चालणारी ट्राम वाहतुकीला अडथळा आहे, असंच तेव्हाही वाटत होतं. रूळ निघाले. मग मुंबईचे रस्ते किती वर्षं मोकळे राहिले? दिल्लीनं २०१६ मध्ये मूलचंद ते आंबेडकरनगरचा बीआरटी मार्ग काढला. त्या रस्त्यानं आज संध्याकाळी सहा वाजता गाडी चालवून पाहावी. रस्त्यावर जागा झाली की ती भरायला नव्या गाड्या येतात, कारण काल जो माणूस गर्दीला घाबरून बसनं जात होता किंवा घरीच थांबत होता, तो आज गाडी काढतो. याउलट दक्षिण कोरियातल्या सोल शहरानं २००३ ते २००५ मध्ये शहराच्या मध्यावरचा उन्नत रस्ता पाडून त्याखाली गाडलेला ओढा मोकळा केला, आणि त्याच काळात, २००४ मध्ये, आपली बससेवा नव्यानं बांधून बसला रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र वाट दिली. गाड्यांची जागा कमी झाली, तरी शहर ठप्प झालं नाही.

कोलंबियातल्या बोगोटाचं उदाहरण तर थेट आपल्या विषयाचं आहे. डिसेंबर २००० मध्ये तिथे ट्रान्समिलेनियो ही बसव्यवस्था सुरू झाली, आणि २००६ मध्ये क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेत कार्बन क्रेडिटसाठी, म्हणजे वाचवलेल्या उत्सर्जनाच्या विकता येणाऱ्या हिशेबासाठी, नोंद झालेला तो जगातला पहिला सार्वजनिक वाहतूक प्रकल्प ठरला. बसच्या लेनमुळे हवेत जाणारा कार्बन कमी होतो, ही गोष्ट मोजता येते, तपासता येते आणि तिला बाजारात किंमतही मिळते, हे जगानं वीस वर्षांपूर्वी मान्य केलं आहे. त्याच २००६ मध्ये आपल्या देशाचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं, आणि रस्त्याची जागा वाहनांच्या संख्येवर न वाटता माणसांच्या संख्येवर वाटावी, हे त्याचं मूळ सूत्र होतं. आणि त्याच वर्षी जानेवारीत इंदूरच्या रस्त्यांवर नव्या सिटी बसेस आल्या. डिझेलच्या तिचाकी टेम्पोंत गुडघ्याला गुडघा लावून प्रवास केलेल्या माझ्या पिढीला तो दिवस आठवत असेल. रंगीत, स्वच्छ, ठरलेल्या थांब्यावर थांबणारी बस. आमची आई तेव्हा साठीची होती. राजवाड्याला एकटी जाऊन भाजी घेऊन परत आली, आणि तिनं तो प्रवास शेजारी चार घरी सांगितला.

आता माझ्याविरुद्धचा सगळ्यात बळकट मुद्दा. एका तरुण इंजिनिअर भाच्यानं तो मला ऐकवला आणि मी दोन दिवस त्यावर विचार करत होतो. तो म्हणाला, ‘मामा, इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला तीन शतांश युनिट वीज खाते. म्हणजे कोळशाची वीज धरूनही वीस-बावीस ग्रॅम. तुमच्या चाळीस माणसांच्या बसइतकंच झालं की. मग बस कशाला? सगळ्यांना इलेक्ट्रिक स्कूटर द्या.’ त्याचं गणित बरोबर आहे. पेट्रोलची स्कूटर सोडून इलेक्ट्रिक घेणाऱ्यानं चांगलंच काम केलं आहे, हे मी मोकळेपणानं म्हणतो. पण स्कूटरवाला माणूस आयुष्यभर स्कूटरवर राहत नाही. लग्न होतं, मूल होतं, पाऊस येतो, गुडघे दुखायला लागतात, आणि बस नसेल तर पुढची पायरी कारच असते. इलेक्ट्रिक कार घेतली तरी शंभर ग्रॅमच्या पुढेच. वीस ग्रॅमचा माणूस शंभर ग्रॅमवर जाणार की नाही, हे त्याच्या घरापासून पाच मिनिटांवर बस आहे का, यावर ठरतं. बसचं खरं काम इथे आहे. ज्या घरात दुसरी गाडी आलीच नाही, त्या गाडीचा कार्बन कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, पण तो वाचलेला असतो. शिवाय चाळीस स्कूटर किंवा सत्तावीस कार एका बसच्या जागेत मावत नाहीत. त्या इलेक्ट्रिक असल्या तरी त्यांच्या कोंडीत शेजारची डिझेल जीप आणि ॲम्ब्युलन्स इंजिन चालू ठेवून उभी असते. आणि ज्यांना स्कूटर चालवता येत नाही त्यांचं काय? शाळेतली मुलं, सत्तरीपुढचे, नजर कमी झालेले, घरकामाला येणाऱ्या मावशी, ज्यांच्या घरात एकच गाडी आहे आणि ती नवरा घेऊन जातो? त्यांना हे शहर काय देणार?

मेट्रोबद्दल थोडक्यात. ३१ मे २०२५ ला, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीला, सुपर कॉरिडॉरवरचे पहिले सहा किलोमीटर सुरू झाले. आनंदच आहे. पण पूर्ण वर्तुळ होईल तेव्हाही ते तीसएक किलोमीटरचंच असणार, आणि सुदामानगरच्या गल्लीतून, लोकमान्यनगरातून माणूस स्टेशनपर्यंत कसा पोचणार? बसनंच. बस नसेल तर तो स्टेशनला जायला गाडी काढेल, आणि एकदा गाडी काढली की थेट ऑफिसलाच जाईल. मेट्रोच्या खांबांतल्या सिमेंट-लोखंडाचा कार्बन आज हवेत गेला आहे, त्याची भरपाई प्रवाशांनी भरलेल्या डब्यांतूनच व्हायची आहे. तेव्हा मेट्रोच्या भल्यासाठीही बस आधी हवी.

‘एका इंदूरनं बस चालवून जगाचं तापमान कमी होणार आहे का?’ असंही विचारतात. हाच प्रश्न आपण कचऱ्याबाबत विचारला नव्हता, आणि म्हणूनच ते काम झालं. आठवून पाहा. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पंचविसावं होतं. ‘इंदूरचे लोक ओला-सुका कचरा वेगळा करतील? अशक्य!’ असं आपणच म्हणत होतो. २०१७ मध्ये शहर पहिलं आलं, आणि मग वर्षानुवर्षं पहिलंच येत राहिलं. लोकांची मनं एका वर्षात बदलली का? माझ्या मते आधी बदलली ती गाडी. ती रोज आली. ठरलेल्या वेळी, प्रत्येक गल्लीत, दिवाळीतसुद्धा. गाडी येणारच याची खात्री पटल्यावर माणसानं कोपऱ्यावर कचरा टाकणं सोडलं. आधी उपदेश आणि मग सेवा असं झालं नाही. सेवा आधी आली, सवय मागून. बसबाबत आपण नेमकं उलटं करतो. पर्यावरण दिनाला लोकांना सांगतो की बसनं जा, आणि थांब्यावर गेलं की पाऊण तास बस नसते. अशा थांब्यावर उभा राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी गाडी काढतो, त्याला दोष कसा द्यायचा?

या शहराकडे तर कचरा आणि बस यांना जोडणारा दुवाच तयार आहे. देवगुराडियाचा गोबर-धन प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून साधारण १७ हजार किलो बायो-सीएनजी, म्हणजे वाहनांत भरता येणारा जैविक गॅस, काढण्याची त्याची क्षमता आहे. सिटी बस दिवसाला दोनशे किलोमीटर धावली तर तिला साठएक किलो गॅस लागतो. म्हणजे पूर्ण क्षमतेनं चालल्यास आपल्या स्वयंपाकघरातल्या भाजीच्या देठांवर आणि आंब्याच्या सालींवर पावणेतीनशे बसेस रोज धावू शकतात. हा कार्बन जमिनीखालून उपसलेला नाही, तो झाडांनी याच हवेतून घेतलेला आहे. आणि तोच कचरा डोंगर करून टाकला असता तर त्यातून मिथेन निघाला असता, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. देशात किती शहरं असं म्हणू शकतात की आमचं इंधन आमच्याच ओट्यावर तयार होतं? मग ज्या रस्त्यावर त्या बसला मोकळी वाट होती, ती वाट आपण काढून का घेतली?

पैशाचा मुद्दा राहिला. बस तोट्यात चालते, हे खरं आहे. चालणारच. रस्ता, पथदिवे, उड्डाणपूल यांचा तोटा आपण मोजत नाही, फक्त बसचा मोजतो. मध्यप्रदेशात राज्य परिवहन निगम तोट्यामुळेच २००५ च्या सुमारास गुंडाळलं गेलं. महाराष्ट्रातल्या नातेवाईकांना ‘आमच्याकडे एसटी नाही’ हे सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. त्यांची एसटीही तोट्यात असते, पण ती आहे. गावची मुलगी तिच्यावर बसून कॉलेजला जाते, आणि मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात जाते. इथे वीस वर्षांनी, २०२५ मध्ये, राज्यानं पुन्हा सरकारी छत्राखाली बससेवा उभी करायचं ठरवलं. वीस वर्षांत किती मोटरसायकली घेतल्या गेल्या असतील, त्यांनी किती पेट्रोल जाळलं असेल, तो तोटा कुठल्या वहीत लिहायचा?

याच शहराच्या राजानं या प्रश्नाचं एक उत्तर देऊन ठेवलं आहे. १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं. साडेचार टक्के व्याज, आणि मुदत १०१ वर्षं. शिवाय जमीन फुकट. विंध्याचा घाट चढून रूळ माळव्यात आले, कापसाला आणि गिरण्यांना वाट मिळाली, आणि आज आपण ज्याला इंदूर म्हणतो ते व्यापारी शहर त्या रुळांच्या काठानं वाढलं. त्यांनी पाचव्या वर्षी ‘डबे रिकामे दिसतात’ म्हणून रूळ उखडले नाहीत. आपण आपल्या बसच्या वाटेला बाराच वर्षं दिली.

रेलिंग आता परत येणार नाही, ते धरून चालू. पण डांबरावर रंगानं आखलेली बसची लेन आणि ती मोडणाऱ्याला कॅमेऱ्यावरून दंड, हे रेलिंगशिवायही होतं. गर्दीच्या वेळी एबी रोडवर दर तीन मिनिटांनी आणि वस्त्यांतून दर दहा मिनिटांनी बस, हेही होतं, जर महापालिकेच्या अंदाजपत्रकात उड्डाणपुलाच्या आधी त्याची ओळ लिहिली तर. म्हणून मंडळातल्या आम्ही काही जणांनी एक अर्ज तयार केला आहे. त्यात मागणी एकच आहे. आमच्या वॉर्डातून जाणाऱ्या प्रत्येक बसची वेळ थांब्यावर लिहा, आणि दर महिन्याला ती किती वेळा पाळली गेली ते जाहीर करा, जसं कचऱ्याच्या गाडीचं पाळलं जातं. गेल्या रविवारपर्यंत त्यावर एकतीस सह्या झाल्या. त्यांतल्या एकोणीस सह्या अशा लोकांच्या आहेत, ज्यांच्या दारात कार उभी आहे.